पाणी हाय, पाणी नाय

मी माझ्या सख्ख्या मामाला काका म्हणालो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, पंपघराच्या दारात, चारचौघांसमोर.

पंपाची मोटार जळली होती आणि जळक्या वॉर्निशचा वास अजून तिथे होता. कापड रंगवण्याचं काम बंद पडलं होतं. कारखान्याचा मॅनेजर, त्याची दोन माणसं, आमच्या कंपनीच्या प्रोजेक्ट मॅडम आणि मी असे जमलो होतो. मामाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कारण तो पंप जी टाकी भरायचा तिची सगळी वायरिंग आणि तिचा जुना प्रोग्राम त्याच्या हातचा होता.

"अंकल, टंकी में फ्लोट कितने थे?" मॅनेजरने विचारलं. फ्लोट म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा. पाण्याबरोबर तो वरखाली होतो, त्यातला खटका पडतो आणि पंपाला कळतं, पाणी कुठवर आहे.

"दो थे. ऊपर एक, नीचे एक," मामा म्हणाला. "मैंने खुद बांधा है."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात लॅपटॉप होता. मी पडद्यावर पाहिलं आणि म्हणालो, "प्रोग्राममध्ये एकच आहे, काका."

मामा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या घरी राहून मी शिकलो. मी आजवर त्याला मामा सोडून दुसरं काही म्हटलेलं नव्हतं. मग तो म्हणाला, "आसा? मग साहेब बोलतात तसाच आसल."

तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की हा म्हातारा माझा कोण. मी ते सांगितलं नव्हतं. तेव्हा का सांगितलं नाही, हे लिहायला बसलो की हात अडतो. पण तिथूनच सुरुवात करायला हवी.

मी मूळचा इकडचाच. मामाचं घर वाणगावच्या आत, मिरचीच्या वाडीत. त्या घरात सगळे हाय आणि नाय बोलतात, आमी आणि तुमी बोलतात. पालघरच्या कॉलेजात गेलो तेव्हा मी स्वतःच्या तोंडाला नियम लावून घेतले. हाय आलं की आहे करायचं. नाय आलं की नाही. आमी आलं की आम्ही. वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आधी आत एक फेरी मारून यायचं आणि स्वच्छ होऊन यायचं. आता बोईसरला फ्लॅट आहे, बायको सांगलीकडची आहे, आणि ती म्हणते, "जागेपणी तुम्ही पुस्तकासारखे बोलता आणि झोपेत हाय-नाय करता." ती हसते. मला ते आजही लागतं.

पुढे माझं पोटही याच कामावर चाललं, हा योगायोग म्हणावा लागेल. आमची छोटी कंपनी कारखान्यांचे जुने प्रोग्राम नव्या भाषेत आणून देते. यंत्रं चालवणारे जुने कंट्रोलर आता मिळत नाहीत. नवे घ्यावे लागतात, आणि नव्यांना जुन्यांची भाषा कळत नाही. हे काम हाताने केलं तर माणूस वेडा होईल. म्हणून मी एक साधन बनवलं. त्याची कल्पना साधी आहे. तुम्ही नियम लिहून ठेवता: डावीकडे असं दिसलं, तर त्याच्या जागी उजवीकडचं ठेव. 'नाही नाही क' दिसलं, तर नुसतं 'क' ठेव. 'क आणि क' दिसलं, तर एकच 'क' ठेव. साधन प्रोग्रामभर फिरतं, जिथे जुळेल तिथे बदलतं, पुन्हा फिरतं, पुन्हा बदलतं. एकही नियम लागू होईनासा झाला की थांबतं. उरतं ते नवं रूप. आटोपशीर, आणि बघणाऱ्याला वाटावं की हे पहिल्यापासून असंच होतं.

याच्यात एक मोठी गोम असते. शेवटी उरलेल्या ओळीकडे बघून ती कशातून आली ते कळत नाही. म्हणून असली साधनं बनवणारे लोक प्रत्येक तुकड्याला एक खूण बांधतात, मूळच्या ओळीची खूण. तुकडा कितीही बदलला तरी खूण त्याच्यासोबत पुढे जाते. कुठे बिघडलं तर खूण धरून मागे मागे जायचं. माझ्याही साधनात ती सोय होती. पण खुणा बांधल्या की साधन रेंगाळायचं, आणि छापलेला नवा प्रोग्राम खुणांनी भरून जायचा. मॅडम म्हणाल्या होत्या, "हा कचरा गिऱ्हाइकाला दाखवायचा का?" मी खुणा बंद केल्या.

त्या कारखान्याचा जुना प्रोग्राम ऑफिसात पहिल्यांदा उघडला तो दिवस मला आठवतो. रोमन अक्षरांत नावं होती: पाणी हाय. पाणी नाय. वाफ हाय. वाफ नाय. दरवाजा हाय, दरवाजा नाय. सगळं ऑफिस खुर्च्या ओढून माझ्या पडद्यासमोर जमलं.

"ये पानी नाय क्या है भाई? पानी में नहाय?"

"दरवाजा हाय! हाय दरवाजा, बाय दरवाजा!"

"कुणी लिहिलंय हे?"

मला ठाऊक होतं कुणी लिहिलंय. हाय-नाय लावून यंत्रांना नावं ठेवणारा माणूस त्या वसाहतीत एकच होता. बाहेरून आलेल्या इंजिनिअरकडे बघून बघून तो प्रोग्राम लिहायला शिकला होता आणि नंतर गावभर सांगत फिरला होता की तो इंजिनिअरच आपल्याकडून शिकून गेला. मामा नम्र वगैरे मुळीच नाही. शंभर माणसांत त्याचाच आवाज ऐकू येतो.

मी हसलो. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढाच. म्हणालो, "गावठी लोकांचं काम. नाय म्हणजे नाही, एवढंच." आणि त्या जोडीजोडीने आलेल्या नावांची कटकट संपावी, ती पडद्यावरून लवकर नाहीशी व्हावी म्हणून तिथल्या तिथे एक नियम लिहिला. एकाच शब्दाला हाय आणि नाय अशी दोन शेपटं दिसली, तर नाय म्हणजे हायचं उलट समज आणि एकच सिग्नल ठेव. वाफेला तो बरोबर लागू पडला. दरवाजालाही. दरवाजा एक तर लागलेला असतो, नाही तर नसतो. मी पाण्याचं वेगळं बघितलं नाही. मामाला फोन करून विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण त्याने ऑफिसच्या फोनवर नेहमीच्या आवाजात "काय रं भाच्या" केलं असतं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

पाण्याला तो नियम लागत नव्हता. मामाच्या टाकीत खरंच दोन गोळे होते. खालचा उघडा पडला की 'पाणी नाय', पंप चालू. वरचा उचलला गेला की 'पाणी हाय', पंप बंद. आणि मधे कितीतरी पाणी, ज्याला हायही म्हणायचं नाही आणि नायही म्हणायचं नाही. त्या मधल्या पाण्यात पंप ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत राहायचा. आमच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मामीला विचारा, डब्यात तेल आहे का. ती सांगते, "हाय नाय तसा हाय." म्हणजे आजचं भागेल. माझ्या नियमाने ते मधलं पाणी काढून टाकलं. एक गोळा उरला. टाकी काठापासून बोटभर उतरली की पंप चालू, बोटभर चढली की बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मोटार असं किती सोसणार?

आणि नव्या प्रोग्रामात खालच्या गोळ्याचं नाव उरलं नाही, म्हणून नवा कंट्रोलर बसवणाऱ्या कंत्राटदाराने त्याची वायरही काढून टाकली, गोळाही काढून नेला. त्यामुळे मामा "दोन होते" म्हणाला तेव्हा टाकीत एकच होता, पडद्यावर एकच होता आणि भाचा साहेब होऊन एकच म्हणत होता. मॅनेजर सौम्यपणे म्हणाला, "कोई बात नहीं अंकल, उमर हो जाती है." मोटारच खराब होती असं ठरलं. नवी बसवली.

त्या वेळी मी खोटं बोललो नव्हतो, हे लिहावंसं वाटतं. मला खरंच एकच वाटत होता. पण नवी मोटारही तापायला लागल्याचा फोन आला, तेव्हा मी खुणा चालू करून साधन पुन्हा पहिल्यापासून चालवलं. नव्या प्रोग्रामातली पंपाची ओळ धरली आणि एकेक पायरी मागे गेलो. कंसांची अदलाबदल. जादा 'नाही' काढलेलं. त्याच्याही मागे. एका पायरीवर आत दोन सिग्नल होते आणि बाहेर एक. त्या पायरीला लागलेला नियम उघडला. शेजारी टीप होती, माझ्याच हातची: गावठी नावांसाठी.

तेव्हा गणपती यायचे होते. मी नियम काढला. सुधारलेला प्रोग्राम पाठवला आणि सोबत कळवलं की खाली आणखी एक फ्लोट बसवल्यास पंपाचं आयुष्य वाढेल. शिफारस म्हणून कळवलं. मॅनेजरने मॅडमना फोन करून माझं कौतुक केलं.

मामाला मी काही सांगितलं नाही.

गणपतीला वाणगावला गेलो तर मामाने आरतीला झांज घेतली नाही. जेवताना पाहुण्यांनी त्याला जुन्या गोष्टी सांगायला लावल्या, तर म्हणाला, "माझ्यावर भरवसा ठेवू नका. टाकीत एक गोळा होता, मी दोन सांगत होतो. माझ्या टाकीतलाच पाणी आटला." लोक हसले. त्यांना ती चेष्टा वाटली. पण तो स्वतः हसला नाही. मामी मला आत बोलावून म्हणाली, "रे, यांना समजव. सकाळी उठून नातवंडांची नावं म्हणतात. पाढे म्हणतात. चुकला का बघतात. त्यांचा मीटर शेजारच्याला देऊन टाकला, बोलतात मी कोणाला तरी शॉक देईन." मीटर म्हणजे विजेचा दाब मोजायचं त्याचं यंत्र. सोन्याची अंगठी असावी तसं ते तो शर्टाच्या खिशात बाळगायचा.

मी म्हणालो, "बघतो मामी." आणि मोदक खाल्ला.

पुढचं लिहायला सगळ्यात जड आहे. नवरात्रात मामीचा फोन आला की त्यांना डॉक्टरला दाखवायचं आहे, तू घेऊन जा, तू शिकलेला. मी गाडी घेऊन गेलो. पालघरला डॉक्टरांनी त्याला घड्याळ काढायला सांगितलं, वार विचारले, तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने परत विचारली. माझ्या मामाला. तो शाळेतल्या पोरासारखा ताठ बसून उत्तरं देत होता आणि प्रत्येक उत्तरानंतर माझ्याकडे बघत होता, बरोबर आहे का म्हणून. मी मान हलवत होतो. डॉक्टर म्हणाले, तसं काही दिसत नाही, वयानुसार आहे. मामा म्हणाला, "पण डॉक्टर, मी बांधलेली टाकी मी विसरलो." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्या खोलीत एक वाक्य बोललो असतो तर तो माणूस त्याच घटकेला बरा होऊन उठला असता. मी विचार करत होतो की ऑफिसला कळलं तर काय.

परत येताना तो खिडकीबाहेर बघत होता. घरी पोचलो तर विहिरीवरचा पंप सुरू होत नव्हता. मामीने मामाला हाक मारली. तो स्टार्टरच्या पेटीपर्यंत गेला, झाकणाला हात लावला आणि मागे घेतला. "तू बघ रे," तो मला म्हणाला. "माझा भरवसा नाय." पेटी त्यानेच बसवली होती. कॉलेजात असताना मला पहिल्यांदा वीज काय ते त्याने त्याच पेटीवर दाखवलं होतं.

मी पेटीला हात लावला नाही. तिथेच म्हणालो, "मामा, गोळे दोन होते. तू बरोबर होतास. माझा प्रोग्राम चुकला."

त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "ऱ्हाऊ दे. मला बरा वाटावा म्हणून बोलतोस."

"नाही मामा, खरंच."

"तुझा मशीन चुकणार नाय. तेवढा शिकलास ते काय उगाच?"

हे मी गृहीत धरलं नव्हतं. मला वाटलं होतं, सांगायचीच काय ती अडचण. सांगूनही त्याला पटेना, कारण माझ्यावर त्याचा स्वतःच्या डोक्यापेक्षा जास्त विश्वास होता. मग मी त्याला ओट्यावर बसवलं. मामीने निवडायला ढीग करून ठेवलेल्या मिरच्या होत्या, त्यातल्या घेतल्या. हिरवी म्हणजे पाणी हाय. लाल म्हणजे पाणी नाय. देठ मोडून आडवं ठेवलं की 'उलट'. त्याचा जुना प्रोग्राम मी ओट्यावर मांडला. त्याने मान डोलावली, "हां, आसाच होता." मग मी साधनासारखा एकेक नियम लावत गेलो. ही जागा बदलली. ठीक? "ठीक." हे दोन उलट एकमेकांना खाऊन गेले. ठीक? "ठीक." मग मी लाल मिरची उचलली आणि तिच्या जागी एक देठ आणि एक हिरवी मिरची ठेवली.

"थांब," मामा म्हणाला.

मी थांबलो.

"लाल कुठं गेली?"

"नाय म्हणजे हायचं उलट, असा नियम—"

"कोण बोलला?" त्याचा आवाज चढला. खूप दिवसांनी चढला. "नाय म्हणजे हायचा उलट? मग मधला पाणी कुठं जाईल? तुझ्या खिशात? आगं ए, हिकडं ये, बघ तुझा भाचा काय करतो! पंप दर घटकेला उठबस करील! जळंल मोटार!"

"जळली, मामा."

तो हसायला लागला. मांडीवर हात मारून हसला. मामी दारात आली, तिला त्याने लाल मिरची दाखवली, हिरवी दाखवली, सगळं पुन्हा समजावलं. "दोन होते! बोललो होतो ना, दोन होते!" मामीने डोळ्याला पदर लावला. मीही हसलो. वाटलं, सुटलो.

मग तो शांत झाला. मिरच्या एकेक करून ढिगात परत टाकल्या. आणि साध्या आवाजात, वायर कुठून आली ते विचारावं तसं त्याने विचारलं, "कवा समजला तुला?"

खूण बांधलेली नसती तर बरं झालं असतं. "गणपतीच्या आधी," मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर मी त्याला मागे मागे जाताना बघत होतो. गणपती. झांज. मीटर. पालघरचा डॉक्टर. घड्याळाचं चित्र. माझी हलणारी मान. एकेका पायरीवर तो थांबला असणार.

"च्या घेशील?" मामीने विचारलं.

"साहेबांना दे," मामा म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला कारखान्यात घेऊन गेलो. जायचं त्यानेच सांगितलं होतं. "मला सांगून काय उपेग? जिथं काका बोललास तिथं सांग." मॅडमना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या की सांगितलंस ते ठीक, आता आधीच्या सगळ्या कामांतून तो नियम शोधून काढ. ते काम अजून चालू आहे. पंपघराच्या त्याच दारात, त्याच मॅनेजरसमोर मी म्हणालो की टाकीत पहिल्यापासून दोन फ्लोट होते, चूक माझ्या प्रोग्रामची होती, आणि हे माझे मामा आहेत.

मॅनेजर एवढंच म्हणाला, "अरे, आपके मामा हैं? पहले बोलना था ना! घर की बात थी." आणि चहा सांगितला. त्याला ती बाब तेवढीच होती.

मामाने टाकीचं झाकण उचलायला लावलं. आत वाकून बघितलं. नवा खालचा गोळा लोंबत होता. "थोडा वर बांधला," तो म्हणाला. "चालंल." मग खिशातून मीटर काढला. शेजाऱ्याकडून परत आणलेला मी तेव्हाच पाहिला.

त्याचं डोकं आता ठीक आहे. आवाज परत आला आहे. वाडीत कुणाचाही पंप बिघडला की तो जातो आणि मिरच्यांची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत भाचा नसतो, "एक इंजिनिअर" असतो. मी घरी गेलो की तो माझ्यासाठी खुर्ची पुढे करतो. पूर्वी ओट्यावर सरकून जागा करायचा. "या साहेब," म्हणतो. हसून म्हणतो. मामी म्हणते, चेष्टा करतात, मनावर घेऊ नको.

परवा मी उंबऱ्यातच म्हणालो, "मामा, चुकला माझा. भाचा बोल ना मला." पुस्तकासारखं नाही, तसंच तोंडातून आलं, फेरी न मारता. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल.

"रागावला हायस का मामा?" मी विचारलं.

तो म्हणाला, "हाय नाय तसा हाय," आणि खुर्ची पुढे केली.